रुंदावलेली महाधमनी आणि तालमीतली मेहनत

चिंचवडगावातील मोरया गोसावींच्या समाधिमंदिराकडून पवना ओलांडून अलीकडे आले म्हणजे थेरगाव लागते. एके काळी नदीकाठच्या शेतीवर आणि पुढे पदमजी कागद गिरणीच्या पगारावर जगणारे हे गाव आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे एक गजबजलेले उपनगर झाले आहे. पण शरीर कमावण्याची त्याची जुनी हौस मात्र नगरपालिका आली, महानगरपालिका आली, तरी आटलेली नाही. आजोबांनी तालमीच्या हौद्यात माती अंगाला लावली, वडील कंपनीच्या संघातून कबड्डीच्या चढाईला गेले, आणि नातू आता डांगे चौकाच्या आसपासच्या एखाद्या जिममध्ये आरशासमोर लोखंड उचलतो, किंवा गावातील वेंगसरकर क्रिकेट अकादमीच्या जाळीत चेंडू टाकतो, ज्या अकादमीत ऋतुराज गायकवाडसारखा खेळाडू घडला. अशा या घरांपैकी एखाद्या घरात कधी तरी, बहुधा दुसऱ्याच कसल्या तरी तक्रारीसाठी काढलेल्या इकोच्या अहवालात, खालच्या ओळीला एक शेरा येतो: महाधमनीचा आरंभीचा भाग विस्फारित, ४.३ सेंटिमीटर.

ज्याच्या हाती हा कागद पडतो त्याला छातीत दुखत नसते, धाप लागत नसते, रात्रपाळी करूनही तो सकाळी मेहनतीला जाऊ शकत असतो. डॉक्टर त्याला रक्तदाबाची गोळी लिहून देतात, वर्षभराने फेरतपासणीस येण्याची ताकीद देतात, आणि दाराशी पोचता पोचता 'जड काही उचलू नका' एवढे सांगतात. जड म्हणजे किती, उचलणे म्हणजे नेमके काय, आणि जे जड नाही ते निर्धास्तपणे करावे की नाही, याचा तपशील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोणाला सांगता येत नाही. या अपुऱ्या सूचनेतून मग दोन्ही बाजूंचे अनर्थ होतात. कोणी ती कानाआड करून पुन्हा पहिल्यासारखे वजन उचलू लागतो. आणि कोणी इतका भेदरतो की जिना चढणेसुद्धा सोडतो, वर्षभरात दहा-बारा किलोंनी वाढतो, आणि ज्या रक्तदाबाला आवर घालायचा तोच बळावून बसतो. हे दोन्ही अनर्थ टाळता येण्यासारखे आहेत, आणि ते टाळण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही, शरीरात काय घडते हे एकदा नीट समजून घ्यावे लागते.

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघणारी, छातीत प्रथम वर चढणारी, मग कमानीसारखी वळून पाठीच्या कण्यालगत पोटापर्यंत उतरणारी ही महाधमनी म्हणजे शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोक्यांचा आघात ती झेलते. तिच्या भिंतीला तीन स्तर असतात, आणि त्यांपैकी मधल्या स्तरातील लवचीक तंतू प्रत्येक ठोक्याला ताणले जाऊन परत पूर्ववत होतात. हे तंतू बव्हंशी बालपणीच घडतात. पुढे ते झिजले तर त्यांची भरपाई शरीर नीटशी करू शकत नाही. प्रौढ माणसात महाधमनीच्या आरंभीच्या भागाचा व्यास साधारणपणे तीन ते साडेतीन सेंटिमीटर असतो, उंच्यापुऱ्या पुरुषात तो चारच्या जवळ जाऊ शकतो. म्हणूनच आकडा वाचताना माणसाची उंची व बांधा ध्यानात घ्यावा लागतो. साडेपाच सेंटिमीटरच्या सुमारास शल्यक्रियेचा विचार सर्वसाधारणपणे पक्का होतो. काही आनुवंशिक विकारांत तो पाचच्या आसपास किंवा त्याआधीही होतो, आणि वर्षभरात अर्ध्या सेंटिमीटरने वाढ झाली तर आकडा लहान असूनही वाट पाहिली जात नाही. चार आणि साडेचार यांच्यामधली माणसे संख्येने सर्वांत अधिक असतात, त्यांतली पुष्कळशी जन्मभर सुखरूप राहतात, आणि खेळाचा व व्यायामाचा खरा प्रश्न त्यांच्याच पुढे उभा असतो.

लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम इथे उपयोगी पडतो. नळीच्या भिंतीवरील ताण तिच्यातील दाबाच्या आणि तिच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, आणि भिंत जितकी पातळ तितका तो अधिक जाणवतो. सायकलच्या ट्यूबला एके ठिकाणी फुगा आला की हवा भरताना तो फुगाच आधी वाढत जातो, बाकीची ट्यूब तशीच राहते, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही. महाधमनीची त्रिज्या कमी करणे आपल्या हातात नसते; भिंतीची जाडी वाढवणेही नसते. या सूत्रातील एकच राशी माणसाच्या स्वाधीन आहे, आणि ती म्हणजे दाब. तेव्हा व्यायाम कोणता चांगला व कोणता घातक, हे ठरवताना घाम किती येतो, स्नायू किती दुखतात, हे पाहण्यापेक्षा त्या क्षणी महाधमनीतील दाब कोठवर चढतो, हेच पाहिले पाहिजे.

तो कोठवर चढतो याचे उत्तर १९८५ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजून दिले. पाच धडधाकट शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत बारीक नळी सरकवून त्यांनी वजन उचलतानाचा दाब नोंदला. दोन्ही पायांनी जड वजन लोटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला, आणि एकाच्या बाबतीत ४८०/३५० च्याही पुढे गेला. विश्रांतीच्या वेळी १२०/८० असणारा दाब काही क्षणांत तिपटी-चौपटीवर जातो, आणि दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या नेहमीच्या मोजणीत त्याचा मागमूसही लागत नाही, कारण वजन खाली ठेवताच तो झपाट्याने उतरतो. निरोगी महाधमनी हा हिसका पचवते. रुंदावलेली, मधल्या स्तरात झिजलेली महाधमनी तो पचवीलच असे नाही. तिचा आतला स्तर चिरतो, रक्त भिंतीच्या दोन स्तरांमध्ये शिरते, आणि ती उभी दुभंगत जाते.

इतका दाब चढण्याचे कारण केवळ वजनात नाही. माणूस अवजड काही हलवू लागला की नकळत छाती भरून श्वास घेतो, कंठ बंद करतो, आणि कोंडलेल्या श्वासावर जोर देऊन कुंथतो. या क्रियेला वैद्यकात सतराव्या-अठराव्या शतकातील अंतोनिओ व्हाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे, आणि महाधमनीच्या मुळाशी असलेल्या तीन फुगीर कोनाड्यांनाही त्याचेच नाव मिळाले आहे. कोंडलेल्या श्वासाने छातीतील व पोटातील दाब वाढतो, आवळलेल्या स्नायूंनी त्यांच्यातील रक्तवाहिन्या चेपल्या जातात, पुढची वाट चिंचोळी झाल्यामुळे हृदयाला अधिक जोर करावा लागतो, आणि हे सारे एकदमच घडते. येल विद्यापीठातील शल्यविशारद जॉन एलेफ्टेरियाडिस यांनी २००३ साली वजन उचलताना महाधमनी दुभंगलेल्या पाच जणांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि पुढे त्यांच्या नोंदीत अशा माणसांची संख्या ३१ पर्यंत गेली. त्यांपैकी बहुतेकांची महाधमनी मध्यम प्रमाणात रुंदावलेली होती आणि ते आधी कोणाला कळलेले नव्हते.

आता ही गोष्ट आपल्या तालमीला लावून पाहावी. मुळशी-मावळच्या बाजूची तालीम ज्याने पाहिली आहे त्याला कोपऱ्यातला नाल आठवेल. मधोमध मूठ कोरलेला तो दगड गडी दात आवळून, मानेच्या शिरा ताठ करून, एका दमात खांद्यावर घेतो, आणि भोवतालची पोरे शिट्ट्या वाजवतात. महाधमनी रुंदावलेल्या माणसासाठी याहून वाईट व्यायाम शोधून सापडणार नाही, आणि आजच्या जिममधील डेडलिफ्ट, जड स्क्वॉट व बेंच प्रेस हे त्या नालाचेच वंशज होत. कुस्तीचीही गत तीच आहे. प्रतिस्पर्ध्याची पकड सोडवताना पैलवान दहा-दहा सेकंद श्वास धरून सर्वांग आवळून राहतो, त्यात छातीवर आदळणे आले, मानेवर घिस्सा आला, आणि आखाड्यात उतरल्यावर आपण आता पुरे म्हणण्याची सोय नाही, कारण जत्रेच्या फडात कुस्ती निकाली व्हावी अशी पाहणाऱ्यांची अपेक्षा असते. कबड्डीत चढाई करणारा एकाच श्वासात दम घुमवीत जातो आणि पाच-सहा गड्यांच्या अंगाखाली सापडतो. हे खेळ मला प्रिय आहेत, आणि त्यांच्यावर सरसकट मनाईचा हुकूम काढावा असे मी म्हणत नाही; परंतु ज्याच्या कागदावर तो शेरा आला आहे त्याने नाल, फडातली कुस्ती आणि सामन्यातली चढाई ही तीन सोडलीच पाहिजेत, आणि त्यात त्याच्या मर्दपणाला काडीचाही उणेपणा येत नाही, हे वस्तादांनी सर्वांदेखत सांगितले पाहिजे. डॉक्टरांचा शब्द तालमीत अर्धाच चालतो. वस्तादांचा पुरा चालतो.

तालीम म्हणजे नुसता नाल आणि कुस्ती नव्हे, हेही तितकेच खरे आहे. हातात हलकी करेल घेऊन संथपणे फिरवणे, जोर मोजके आणि श्वास मोकळा ठेवून काढणे, बैठका अर्ध्यावर थांबवून मारणे, नवशिक्या पोरांना डाव शिकवणे, माती उकरण्याऐवजी तीत तेल-ताक घालण्याचे काम पाहणे, यांपैकी पुष्कळसे बहुतेकांना करता येते. कसोटी एकच: ते करताना माणसाला बोलता आले पाहिजे. दहा-पंधरा वेळा सहजगत्या, जोराच्या क्षणी श्वास बाहेर सोडत जे उचलता येते ते त्याचे वजन. आणि शेवटच्या दोन खेपांना दात आवळावे लागले, चेहरा लाल झाला, तोंडातून हुंकार निघाला, तर ते त्याचे वजन नव्हे, मग लोखंडावर किलोंचा कोणताही आकडा कोरलेला असो. एलेफ्टेरियाडिस यांनी मर्यादा सांगताना स्वतःच्या शरीराच्या निम्म्या वजनाचे माप दिले होते. पण ज्यांना आनुवंशिक विकार आहे किंवा ज्यांचा आकडा साडेचारच्या पुढे गेला आहे त्यांना ते माप सैल ठरते, आणि आपल्या डॉक्टरांकडून आपल्यापुरते वेगळे माप मागून घेणे हाच खरा मार्ग होय.

व्यायामाच्या दुसऱ्या पारड्याकडे आता वळू. चालताना, सायकलीवर सपाट रस्त्याने जाताना, संथ पोहताना मोठे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावतात व सैल होतात, त्यांच्यातील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताला वाट मोकळी मिळते, आणि वरचा दाब वाढला तरी बेताने वाढतो. असा व्यायाम नियमित केल्याने विश्रांतीच्या वेळचा दाब काही महिन्यांत उतरतो, वजन आटोक्यात येते, झोप सुधारते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०२२ साली महाधमनीच्या विकारांविषयी जे मार्गदर्शन सिद्ध केले त्यात अशा रुग्णांना बेताच्या हालचालीच्या व्यायामास उत्तेजन दिले आहे, कुंथायला लावणारे जड व्यायाम वर्ज्य सांगितले आहेत, आणि रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य घातले आहे. या विषयात माणसांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागावे आणि एका गटाला नाल उचलायला लावावे, असा प्रयोग कोणी करू शकत नाही. म्हणून हा उपदेश शरीरक्रियेच्या ज्ञानावर व तज्ज्ञांच्या अनुभवावर उभा आहे, आणि त्यात माणसागणिक फरक करण्याला वाव ठेवलेला आहे.

थेरगावकराला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. केजुदेवीच्या बंधाऱ्याकडे पवनेच्या काठाने सकाळी चालणाऱ्यांची रहदारी असतेच. अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस, चालता चालता शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील पण गाणे म्हणायचे म्हटले तर धाप लागेल इतक्या वेगाने चालावे. त्याहून वेग वाढला तर कमी करावा. तुकोबांची पालखी देहूहून निघून पहिल्या टप्प्यांतच आकुर्डीला येते, आणि तिच्याबरोबर दोन-चार कोस चालण्याचा या भागातील अनेक घरांचा परिपाठ आहे. टाळ हातात घेऊन अभंग म्हणत चालणारा वारकरी ज्या गतीने चालतो ती गती या विकारातल्या माणसाला बहुतकरून मानवते, फक्त उन्हाची, पाण्याची आणि गर्दीतल्या रेटारेटीची तजवीज पाहावी आणि त्या दिवशीची गोळी चुकवू नये. गडावर जायचे तर लोहगडासारखा पायऱ्यांचा गड, पाठीवर अवजड पिशवी न घेता, थांबत थांबत. गणपतीच्या दिवसांत कमरेला ढोल आवळून तासन्‌तास बडवणे टाळावे. पथकातच राहायचे असेल तर झांज हाती घ्यावी.

सूर्यनमस्कारांविषयी पुष्कळ जण विचारतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घरोघर पोचवलेला हा व्यायाम आपल्याकडे इतका रुजला आहे की तो सोडा म्हटले तर माणूस खट्टू होतो. तो सोडण्याचे कारण सहसा पडत नाही. संख्येची पैज मारू नये, गती मंद ठेवावी, आणि प्रत्येक अंगस्थितीत श्वास आत किंवा बाहेर चालू ठेवावा. प्राणायामात मात्र विवेक हवा. अनुलोम-विलोमासारखी संथ श्वसने उत्तम. पण दीर्घ कुंभक आणि त्याला जोडलेले बंध म्हणजे श्वास कोंडणे आलेच, आणि भस्त्रिका-कपालभातीचे जोरदार प्रकार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत. शीर्षासन व मयूरासन यांसारख्या, सर्व शरीर ताठ धरून ठेवणाऱ्या आसनांचीही तीच गोष्ट आहे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी ट्रेडमिलवर चालवून, रक्तदाब किती चढतो हे पाहून घेण्याची सोय पुष्कळ रुग्णालयांत आहे. ती अवश्य मागावी.

परंतु ज्या पट्ट्यात आपण राहतो तिथे माणूस सर्वांत जास्त वजन तालमीत वा जिममध्ये उचलीत नाही. तो ते कामावर उचलतो. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपांत लाईनवर उभा राहून पाळीभर लोखंडी जॉब उचलून मशिनवर चढवणारा, गोदामात पेट्या रचणारा, टेम्पोत माल भरणारा कंत्राटी कामगार ज्या वेळी 'जड उचलू नका' ही सूचना ऐकतो, त्या वेळी त्याच्या कानांवर पडते ते 'नोकरी सोडा' असे. म्हणून तो कागद घडी घालून कपाटात ठेवतो आणि सुपरवायझरला काही सांगत नाही. मला या साऱ्या प्रकरणात याहून दुःखाची गोष्ट दुसरी वाटत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके वजन कोणाही कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली होती, आणि त्या अधिनियमान्वये राज्य सरकारला वजनाची कमाल मर्यादा नियमाने ठरवून देता येत असे. परंतु अशी मर्यादा निरोगी माणसासाठी असते. ज्याची महाधमनी रुंदावली आहे त्याला त्याच कारखान्यात हॉइस्ट चालवण्याचे, तपासणीचे, भांडाराच्या नोंदींचे किंवा पॅकिंगचे हलके काम देता येते. एका माणसाची जागा बदलणे व्यवस्थापनाला अवघड नसते. अवघड असते ते कामगाराला विश्वास वाटणे, की दाखला पुढे केल्यावर आपल्याला दारातून बाहेर काढणार नाहीत. डॉक्टरांनीही दाखल्यावर 'अनफिट' हा एकच शब्द न लिहिता, हा कामगार अमुक इतक्या किलोंपर्यंत, श्वास न कोंडता, उचलू शकतो, हे हे काम करू शकतो, असा तपशील लिहावा. त्या दोन ओळींवर एखाद्या घराची चूल अवलंबून असते.

घरातही सावधगिरीच्या जागा आहेत. स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि पोलादी टाकीचे वजन धरून ती भरलेली असताना तीस किलोंच्या आसपास जाते. ती उचलू नये, कडेवर तिरपी करून फिरवत न्यावी किंवा दुसऱ्या कोणाला सांगावे. बंद पडलेली मोटार ढकलणे, बुलेट मधल्या स्टँडवर चढवणे, जाम झालेली खिडकी हिसकणे, या एका क्षणाच्या कामांत तोच दाब चढतो. बद्धकोष्ठतेचा बंदोबस्त करावा. विडी-सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने भिंतीची झीज वाढते. जिममध्ये मिळणाऱ्या उत्तेजक भुकट्या आणि स्नायू फुगवणारी इंजेक्शने यांना स्पर्शही करू नये. आणखी एक गोष्ट औषधांच्या दुकानासंबंधीची आहे: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील प्रतिजैविकांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. आपल्याकडे जुलाबाला किंवा लघवीच्या जळजळीला ही औषधे चिठ्ठीवाचूनही घेतली जातात. आपल्या महाधमनीचा आकडा औषध लिहिणाऱ्याला आधी सांगावा, म्हणजे तो बहुधा दुसरे औषध देऊ शकेल.

इतके सांभाळूनही प्रसंग आलाच तर तो ओळखता आला पाहिजे. महाधमनी दुभंगते त्या वेळचे दुखणे हळूहळू वाढत नाही; ते पहिल्याच क्षणी पराकोटीचे असते. छातीत किंवा पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये काही तरी फाटते आहे, चिरत खाली चालले आहे, असे माणूस सांगतो. कधी मानेत, जबड्यात, पोटात कळ जाते, कधी घेरी येते, एक हात गार पडतो, बोलणे अडखळते. तालमीत असे झाले की उसण भरली म्हणून पाठ चोळतात, घरी पित्त म्हणून सोडा देतात, आणि दवाखान्यात ईसीजी बिनचूक आला की घरी पाठवतात. ईसीजीत हा विकार दिसेलच असे नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करण्याचे उपचार झाले तर हानी वाढते. हृदयाजवळचा भाग दुभंगला असेल तर उपचारांवाचून पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका सुमारे १ ते २ टक्क्यांनी वाढत जातो, असा जुना व सर्वमान्य अंदाज आहे. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन व हृदयाची मोठी शल्यक्रिया या दोहोंची सोय आहे त्याचे नाव आजच, सुखाच्या दिवशी, विचारून ठेवावे. थेरगावात आदित्य बिर्ला मेमोरियल हॉस्पिटल आहे, पिंपरीत महानगरपालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे. कोणत्या ठिकाणी कोणत्या वेळी काय होऊ शकते, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणि दारातच पहिले वाक्य उच्चारावे: 'माझी महाधमनी मोठी आहे.' अहवालाची प्रत पाकिटात आणि जिमच्या वा तालमीच्या दप्तरी असावी.

शल्यक्रिया झालेल्यांविषयी थोडेच सांगायचे आहे. कृत्रिम धाग्याची नळी बसवल्यावर तो भाग सुरक्षित होतो, छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात, आणि पुढे देखरेखीखाली चालण्यापासून आरंभ करून माणूस चांगला व्यायाम करू लागतो. परंतु बाकीची महाधमनी त्याची जुनीच असते, म्हणून श्वास कोंडण्याची मनाई उठत नाही.

महाधमनी रुंदावते कशामुळे, याची कारणे अनेक आहेत. वाढलेला रक्तदाब आणि वय ही नेहमीची. शंभरांत एक-दोन माणसांना महाधमनीच्या मुखाशी तीन पाकळ्यांऐवजी दोनच पाकळ्यांची झडप जन्मतः असते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची महाधमनी पुढे रुंद होते. आपल्या देशात तरुण स्त्रियांत महाधमनीच्या भिंतीला सूज येण्याचा एक विकार विशेष आढळतो. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. पी. के. सेन, किणरे, केळकर व परुळकर यांनी अशा १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मुंबईच्या त्या कामाची दखल जगभर घेतली गेली. या विकारात नळी बहुधा अरुंद होते, कधी ती फुगतेही. महाधमनी रुंदावलेल्या स्त्रीने गरोदरपणाचा विचार करण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, कारण त्या महिन्यांत भिंतीवरचा भार वाढतो.

खेळाच्या मैदानाशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध येतो तो मात्र मारफान या फ्रेंच वैद्याच्या नावाचा आनुवंशिक विकार. यात शरीरातील जोड-उती सैल असतात. माणूस उंच, सडपातळ, लांबसडक हातापायांचा होतो, दोन्ही हात पसरले तर त्यांची लांबी उंचीहून अधिक भरते, छातीचे हाड आत गेलेले किंवा पुढे आलेले असते, डोळ्यातील भिंग सरकते. ज्या अंगलटीमुळे प्रशिक्षक एखाद्या मुलाला व्हॉलीबॉलसाठी, बास्केटबॉलसाठी किंवा वेगवान गोलंदाजीसाठी हेरतो, तीच अंगलट कधी कधी या विकाराची खूण असते. अमेरिकेच्या संघातून १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचे रौप्यपदक मिळवणारी फ्लो हायमन सुमारे १९६ सेंटिमीटर उंच होती. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधील मात्सुए येथे सामना चालू असताना बदली खेळाडू आत गेल्यावर ती बाकावर येऊन बसली, आणि तिथेच कोसळली. वय ३१. प्रथम हृदयविकाराचा झटका म्हणून सांगण्यात आले; शवविच्छेदनात महाधमनी फाटल्याचे व मारफानचा विकार असल्याचे निष्पन्न झाले. इतकी वर्षे देशोदेशी खेळूनही तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. मृत्यूनंतर कुटुंबीयांची तपासणी झाली तेव्हा तिच्या भावाची महाधमनीही तशीच दुबळी आढळली, आणि त्याच्यावर वेळीच शल्यक्रिया करण्यात आली.

घरातील एकाच्या अहवालावर असा शेरा आला की त्याचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचा इको एकेकदा करून घ्यावा. तो वेदनारहित असतो, त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि अर्ध्या तासाच्या आत होतो. कुटुंबात कोणी ऐन उमेदीत अचानक गेले असेल तर तेही डॉक्टरांना न विसरता सांगावे. आणि अकादमीत, तालमीत वा जिममध्ये मुलाचे नाव घालताना जो अर्ज भरतात, त्यात वय, वजन व उंची यांच्या रकान्यांखाली कुटुंबातील हृदयाच्या व महाधमनीच्या विकारांसाठी आणखी एक रकाना असावा.